सौम्य ओढ

पेसी, रजिस्टरच्या या पानावर तेलाचा डाग आहे, त्याचं नंतर सांगते.
आईचं नाव ओफेइना. खेप तिसरी. साखर वाढलेली.
आधीचं मूल साडेचार किलोचं.
तारीख उलटून सहा दिवस.
सगळे रकाने मी भरले होते,
डॉक्टर शुक्रवारच्या बोटीनं येणार होते
आणि तो बुधवार होता.

रकाने भरले की अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.
फसू नकोस.
गेल्या वादळाच्या आठवड्यात अडली ती काडीसारखी पोरगी,
तीन किलोचं बाळ, एकही खूण नाही.
निम्म्या वेळी ते असंच येतं, न सांगता.

रात्री पावणेदोन. कुंपणाबाहेर नवरा आणि चुलते
कावा पीत चार सुरांत गात होते.
डोकं आलं. केस काळेभोर, गाल फुगलेले,
आणि लगेच मागे खेचलं गेलं,
कासवानं मान आत घ्यावी तसं.
डावा खांदा हाडामागे. मला तेव्हाच कळलं.

झाडूवाली लूपे घड्याळासमोर उभी राहून
मिनिटं म्हणू लागली, चर्चमध्ये वचन म्हणावं तशी.

एक.
गुडघे छातीशी. एक सासूनं धरला, एक धाकट्या नर्सनं.

दोन.
हाडाच्या अगदी वर, तळव्यानं.
पोट नाही, पोट नाही, मी ओरडले,
सासूचा हात पोटावर गेलाच होता,
तिच्या आईनं तेच केलं असणार.

तीन.
ओणवी हो, ओफेइना.
एवढी जड बाई, एवढ्या झटक्यात उलटली
की खाट भिंतीला आपटली आणि गाणं क्षणभर थांबलं.

मी हात आत घातला. उजवं कोपर. मनगट.
छातीवरून ओढत बाहेर.
चार मिनिटं वीस सेकंद.
सुटली.
कोण सुटली, ते तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

आधी रडली नाही. पिशवीनं हवा दिली, मग रडली,
पण हलला उजवाच हात.
डावा कडेला पडलेला, तळवा मागे वळलेला,
जणू पाठीमागून कुणी गुपचूप पैसे देणार आहे.

मी लिहिलं: सौम्य ओढ.

दुसऱ्या मिनिटाला माझे हात त्या डोक्याभोवती होते.
सौम्य होते का?
मला आठवतं ते माझ्याच खांद्यांत आलेलं बळ.
डॉक्टर म्हणाले, कुणी न ओढताही नसा ताणल्या जातात,
कळाच पुरतात.
खरं आहे. पुस्तकात आहे.
नऊ वर्षं मी ते वाक्य उशाला घेते.

बहुतेकांचे हात काही महिन्यांत परत येतात.
लोसालिनेचा खांद्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

काल शाळेच्या छपरासाठी नाच होता.
अंगभर खोबरेल, केसांत पिसं, कमरेला चटई.
आमच्या नाचात बोलायचं ते हातांनी.
उजवा वर गेला, समुद्र झाला, पक्षी झाला.
डावा खांद्याशी थांबला, मनगट तेवढं फिरलं,
आणि हात पोचत नाही तिथं
तिनं मान पाठवली.

लोक तेलकट अंगावर नोटा चिकटवायला उठले,
सगळे उजव्या बाजूनं.
मी रांगेत. माझ्याकडे पाच पांगा.
डाव्या खांद्यावर ठेवली, अंगठ्यानं दाबली. चिकटली.
ती हसली.
नाचणारीनं हसायचंच असतं, तो काही पुरावा नाही.

घरी न जाता इकडे आले, कपाट उघडलं, पान काढलं.
डाग तो.
‘सौम्य’ मी खोडलं नाही.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं, शाईनं,
आणि खाली माझी सही. आज तारीख घालायची राहिली,
ती तू घाल.